सायकलीला श्रद्धांजली पुरे झाली

दरवर्षी दिवाळी अंकांचा गठ्ठा घरी येतो आणि दरवर्षी त्यात सायकलीवर एक तरी ललित लेख असतोच. वडिलांची काळी, उंच सायकल, तिच्या दांड्यावर बसवलेले पोर, कॅरिअरला बांधलेला जेवणाचा डबा, आणि शेवटी अडगळीच्या खोलीत गंजलेली ती सायकल पाहून लेखकाच्या डोळ्यांत दाटून आलेले पाणी. लेख वाचनीय असतात, मीही ते आवडीने वाचतो. पण हे लेखक गावी येतात ते मोटारीतून, आणि त्यांचा गावातला पंधरा वर्षांचा पुतण्या त्यांना आणायला फाट्यावर जातो तो मोटारसायकलवरून. त्या पुतण्याविषयी लेखात एक ओळ नसते.

श्रद्धांजली वाहण्याची आपल्याला फार हौस. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून ठरवला. दोनच वर्षांनी, २०२० च्या ३ जूनलाच, अ‍ॅटलस कंपनीच्या साहिबाबाद कारखान्याचे दार कामगारांना बंद झालेले दिसले. तेव्हाही हळहळीचे लेख आले. हळहळणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी सायकलीवर बसले, हे विचारणे सभ्यपणाचे नाही म्हणून विचारत नाही.

माझे म्हणणे साधे आहे. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातले आडवाटेचे छोटे डांबरी रस्ते आज जसे आहेत तसे सायकलीसाठी उत्तम आहेत. इतके उत्तम, की शहरातली माणसे पैसे खर्चून असे रस्ते शोधत फिरतात. ते सायकलीसाठी राखले पाहिजेत, आणि अठरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती त्यांवर सायकलच असली पाहिजे. याला कोणी म्हाताऱ्या मास्तरची हौस म्हणो. माझ्या लेखी हा शाळांच्या पटाचा आणि पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आधी रस्त्यांविषयी. बाहेरचे जग आपल्याला दोनच गोष्टींनी ओळखते, संत्र्यांनी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीने. या मुलखाची खरी गंमत मात्र त्याच्या उतारात आहे. तिगावच्या पुढे रेल्वे चिचोंड्याचा घाट चढू लागते आणि मुलताईच्या पठारावर जाते. ते पठार पांढुर्ण्याहून अडीचशे मीटरांपेक्षा अधिक उंच आहे. मुलताईला तापीचा उगम. ती पश्चिमेला जाऊन अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यातून वर्धा निघते आणि दक्षिणेला वळते. आपली जाम पूर्वेकडे सौंसरच्या बाजूला जाऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपल्या अंगणातून दोन दिशांना गेलेले हे पाणी पार गडचिरोलीच्या सीमेवर, चपराळ्याजवळ, वर्धा-वैनगंगेच्या संगमात पुन्हा एकत्र येते. हा भूगोल आम्ही वर्गात फळ्यावर शिकवतो आणि मुले तो पाठ करून विसरतात. चढ मांड्यांना जाणवला आणि पुढच्या उतारावर पायडल न मारता सायकल धावू लागली, की पाणलोट म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

या खोऱ्यांतून गावोगाव जाणारे जे अरुंद रस्ते आहेत, त्यांतले पुष्कळसे २००० सालच्या २५ डिसेंबरला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झाले. साधारण पावणेचार मीटरांची डांबरी पट्टी, दोन बाजूंना साइडपट्टी, नाल्यावर रपटा, आणि पुढे संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर. दिवसातून दूधवाला, शाळेची मुले, एखादा ट्रॅक्टर, हंगामात कॅरेट भरलेल्या पिकअप गाड्या, एवढीच वर्दळ. आंबिया बहार फुलतो तेव्हा मोहगावकडे किंवा पिपळा नारायणवारकडे जाणाऱ्या वाटेवर सकाळी सायकल घालून पाहा. तो वास मोटारीच्या काचेतून येत नाही, आणि मोटारसायकलवर येतो तो पेट्रोलचा.

युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना असा सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपासचा सायकलीचा मार्ग आहे. तिथे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे सायकलीने जातात, वाटेतल्या खेड्यांत मुक्काम करतात, आणि त्या खेड्यांना त्यातून चार पैसे मिळतात. त्यांनी नदी नवी आणली नाही. नदी होती, काठाचा शांत रस्ता होता. तो शांत ठेवला एवढेच. रामाकोन्याला कन्हानच्या काठी उभे राहून मी हे सांगितले तर लोक हसतील. हसोत बापडे.

हसण्यावरून आठवले. थंडीच्या दिवसांत रविवारी नागपूरकडची काही मंडळी डोक्याला शिरस्त्राण घालून पातळ चाकांच्या सायकलींवर आपल्या बाजूला येतात. चहाच्या टपरीवर त्यांची सायकल हातात उचलून पाहतात, किंमत विचारतात, किंमत ऐकून डोळे मोठे करतात आणि ती मंडळी पुढे गेली की म्हणतात, "येवढ्या पैशात गाडी नसती आली का? येडे झाले लेकाचे." नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे पावणेपाच-पाच हजार किलोमीटरांची, 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली. त्याआधी, २०१५ मध्ये, नाशिकच्या महाजन बंधूंनी, म्हणजे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, दोघांच्या गटात तीच शर्यत पुरी केली होती. डॉक्टर माणसे ही, वेडी नव्हेत. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीच्या उंबरठ्यावर १५९ दिवसांत सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. आपल्या गावातली नववीतली मुलगी मात्र चार किलोमीटरांवरच्या शाळेत सायकलीने जाऊ शकत नाही, कारण म्हणे बरे दिसत नाही.

शहरातला माणूस लाख रुपयांची सायकल घेऊन आपल्या रस्त्यावर येतो, आणि आपण त्याच रस्त्यावरून आपल्या पोराची चार-पाच हजारांची सायकल काढून घेऊन त्याला लाखाच्या मोटारसायकलवर बसवतो. या व्यवहारात येडे कोण?

पालकसभेत हा विषय मी काढतो तेव्हा उत्तर ठरलेले असते. "सर, पोट्टं आता धाव्वीत गेलं. सायकलनं जाईन तं लोकं का म्हनतीन? बापाजवळ गाडी घ्यायची सोय नाही म्हनतीन." या वाक्यात सगळा रोग आहे. सायकल म्हणजे दारिद्र्याचे प्रमाणपत्र, असे आपण ठरवून टाकले आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरांपैकी पंचेचाळीसच्या आसपास घरांत सायकल होती आणि एकवीस घरांत स्वयंचलित दुचाकी. त्या वेळी सायकल असणे ही पत होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत हप्त्यावर गाडी मिळू लागली आणि पत उलटी झाली. आज कर्ज दाखवण्याला प्रतिष्ठा आहे, पाय वापरण्याला नाही.

कायदा काय म्हणतो ते पालकांना ठाऊक नसते असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय मोटारसायकल चालवता येत नाही. सोळा वर्षांनंतर सूट आहे ती पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाला, आणि तसली गाडी आपल्या बाजारात कोण घेतो? २०१९ च्या दुरुस्तीने अज्ञान मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. एवढा कडक कायदा आणि एवढी मोकळी अंमलबजावणी असे जोडपे आपल्याच देशात सुखाने नांदू शकते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत शंभरांपैकी चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हे आकडे केंद्र सरकारच्या अहवालातले आहेत. आपल्या पंचक्रोशीतल्या आकड्यांसाठी अहवाल लागत नाही. तुम्ही आपापल्या गावातली घरे मनातल्या मनात मोजा. मी शाळेच्या हजेरीपटावर नावांवर रेघ मारणारा माणूस आहे. बदली झाली, शाळा सोडली, लग्न झाले, या कारणांसाठी रेघ मारताना हात थांबत नाही. एका कारणासाठी थांबतो.

आता मुलींकडे वळतो, कारण सायकलीचे खरे मोल त्यांनाच कळते. मध्य प्रदेश शासन सहावीत आणि नववीत नव्याने येणाऱ्या, ज्यांच्या गावात पुढची शाळा नाही अशा सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकल देते. योजना चांगली आहे, ती का चांगली आहे याचा पुरावाही आहे. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी अशीच योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेमुळे त्या वयाच्या मुलींचे माध्यमिक शाळेतले प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढले, आणि वाढ मुख्यतः ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होती तिथे झाली. म्हणजे शिष्यवृत्तीने, भाषणाने, भिंतीवरच्या घोषणांनी जे झाले नाही ते दोन चाकांनी झाले. त्याच्याही आधी, १९९०-९२ च्या सुमारास, तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांनी सायकल शिकण्याची चळवळ उभी राहिली. शीला राणी चुंकत तिथे कलेक्टर होत्या. एक लाखाहून अधिक खेडवळ बायका तिथे सायकल चालवायला शिकल्या; शेतमजूर, खाणीतल्या मजूर, नर्सबाई, मास्तरीण, सगळ्या.

आणि आपल्याकडे? मुलीच्या नावाने मिळालेली सायकल महिनाभर शाळेत दिसते. मग ती बापाबरोबर शेतात जाऊ लागते, कारण मोटारसायकल भाऊ घेऊन गेलेला असतो. मुलगी चालत येते, किंवा भाऊ सोडतो तेव्हा येते. भावाचे आणि तिचे पटले नाही की खाडा. पावसाळ्यात चेन गंजते, पंक्चर पंधरा दिवस तसेच राहते, कारण गावातले पंक्चरचे दुकान आता मोटारसायकलचे झाले आहे आणि तिथल्या पोराला सायकलीच्या कामात हशील वाटत नाही. नववीच्या दिवाळीपर्यंत मुलीची हजेरी निम्म्यावर येते आणि घरचे सांगतात, "तिचं डोकंच नाही चालत, सर." डोके चालते हो, चाक चालत नाही! सहा किलोमीटर चालत यायला तिला सव्वा-दीड तास लागतो, सायकलीने पंचवीस-तीस मिनिटे. जाऊन-येऊन रोज दोन तास. घरी भांडी, पाणी आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या मुलीसाठी दोन तास म्हणजे काय, हे आयांना विचारा, बापांना विचारू नका.

आक्षेप मला ठाऊक आहेत. वैशाखातले ऊन. खरेच आहे, आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. पण तेव्हा शाळेला सुट्टी असते. रपट्यावरून पाणी वाहते. वाहते, आणि तेव्हा मोटारसायकलही घालू नये. वाहून गेल्याच्या बातम्या मोटारसायकलवाल्यांच्याच असतात. मुलींची सुरक्षितता. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर आमचा तोडगा असा, की एका गावच्या मुलींनी एकत्र निघावे. सहा सायकली एका ओळीत घंटी वाजवत चालल्या की वाटेवरच्या टवाळांना आपोआप तोंड फिरवावे लागते. मोठ्या माणसांच्या मोटारसायकलीला माझा विरोध नाही. संत्र्याचे कॅरेट सायकलीवर जात नाहीत आणि आजाऱ्याला दांड्यावर बसवून दवाखान्यात नेता येत नाही. पण पानठेल्यापर्यंतचे अर्धा किलोमीटर जायला गाडीला किक मारणाऱ्याने शेतीचा दाखला देऊ नये.

खरा आक्षेप वेगळाच आहे, तो कोणी बोलत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला. आनंद झाला, पेढे वाटले. छिंदवाड्याचे हेलपाटे वाचले. जिल्हा झाला म्हणजे आता सगळे मोठे पाहिजे, असे पुढाऱ्यांना आणि आपल्यालाही वाटू लागले आहे. प्रत्येक गावाच्या फाट्यावरची मागणी एकच, रस्ता रुंद करा. नागपूर-बैतूल महामार्ग चौपदरी झाला तो झाला. त्याची गरज होती. पण त्यामुळे अलीकडची शाळा आणि पलीकडचे गाव यांच्यामध्ये ताशी शंभरने धावणारी भिंत उभी राहिली, याचा हिशेब कोणी मांडला? आता तीच भिंत जोडरस्त्यांवरही हवी आहे का? रुंदीकरणात पहिली जातात ती कडेची चिंचेची आणि कडुनिंबाची झाडे. मग साइडपट्टीचा मुरूम खचतो, डांबराची कड वीतभर उंच राहते, आणि मागून भोंगा वाजला की सायकलवाल्या पोराने त्या कडेवरून खाली उडी घ्यायची. भारतीय रोड काँग्रेसने सायकलमार्ग कसे आखावेत याची संहिता १९६२ मध्येच छापली आहे. साठ वर्षे उलटून गेली. पुढे २००६ चे वाहतूक धोरण आले ते शहरांसाठी, २०२० ची सायकल स्पर्धा आली तीही शहरांसाठी. खेड्यातला सायकलवाला दिल्लीच्या कागदावर नाहीच. तो गृहीत आहे, गरीब म्हणून.

ज्यांना हॉलंड हा जन्मजात सायकलींचा देश वाटतो त्यांच्या माहितीसाठी सांगतो. १९७१ मध्ये त्या टीचभर देशात सुमारे ३३०० माणसे वाहनांखाली मेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. व्हिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर गेली. त्याने १९७२ मध्ये 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आईबाप रस्त्यावर उतरले, रस्ते अडवून बसले. आज तिथे दिसणारे सायकलमार्ग त्या भांडणातून आले आहेत. तिथल्या पालकांनी मुलांच्या हातून सायकल काढून घेतली नाही, मोटारींकडून रस्ता काढून घेतला. आपण नेमके उलटे करतो आहोत, आणि आपल्याला तर कोणाकडून काही काढून घ्यायचेही नाही. शांत रस्ता आहेच, तो फक्त बिघडवायचा नाही.

आणखी एक गोष्ट, जी या अंकाच्या वाचकांनाच सांगता येईल. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि मराठी कमी होत चालली म्हणून आपण दिवाळी अंकांत परिसंवाद भरवतो. वडचिचोलीकडून नांदनवाडीकडे, तिथून वर मुलताईच्या बाजूला गेले की मराठीचा सूर गावागणिक बदलतो, पवारी कानावर पडू लागते, पुढे हिंदी. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला पाट्या दिसतात, आणि पाट्या हिंदीत आहेत. सायकलवाला पाण्यासाठी थांबतो, पंक्चरसाठी थांबतो, सावलीला थांबतो, आणि ओट्यावरची आजी त्याला "कोनाचा व्हय रे बाबू तू?" असे विचारते ते मराठीत. आमच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात बोलीभाषेवर एक अख्खी प्रश्नपत्रिका होती. तिच्यातले निम्मे इथल्या कोणत्याही बारा किलोमीटरांत ऐकायला मिळते.

तेव्हा मागण्या सांगतो. गावांचे जोडरस्ते रुंद करण्याऐवजी त्यांच्या साइडपट्ट्या दरवर्षी पावसाळ्यानंतर मुरूम टाकून डांबराच्या पातळीला आणाव्यात. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळेजवळच्या अर्ध्या किलोमीटरात गतिरोधक आणि माणूस, दोन्ही असावेत. महामार्ग ओलांडण्याच्या जागी मुलांसाठी खालून वाट हवी; ती ट्रॅक्टरच्या चिखलाने भरलेली नको. ग्रामपंचायतींनी हे ठराव ग्रामसभेत घ्यावेत, दिवाळीनंतरच्या पहिल्याच सभेत. शाळांनी आपल्यापुरते करावे: अठराखालच्या विद्यार्थ्याची मोटारसायकल फाटकाच्या आत नको, आणि बाहेरच्या झाडाखालीही नको. प्रत्येक शाळेत एक पंप, पाने, पंक्चरचे सामान, आणि ते वापरायला शिकवणारा एक माणूस. मुलींना आधी शिकवावे.

तिगावहून मुलांची एक सायकल सहल डिसेंबरात काढायचे घाटत आहे. कपाशीची वेचणी चालू असेल, रस्ते कोरडे असतील, मृग बहाराची संत्री पिकायला लागली असतील. सकाळी निघून जामच्या काठाकाठाने जायचे, दुपारी नदीवर डबे सोडायचे, संध्याकाळच्या आत घरी. पंप आणि सोल्यूशन शाळेचे. पालकांनी टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर तेवढे तपासून ठेवावे. आणि ज्यांच्या घरी मुलीच्या नावाची सायकल शेतावर गेली आहे, त्यांनी ती आदल्या दिवशी धुऊन तिच्या हाती द्यावी.